बांधावरचे मुके साक्षीदार



रब्बीची मळणी उरकली, रान मोकळे झाले, मुलांच्या शाळांना सुटी लागली, की चार दिवस सवडीचे मिळतात. त्या दिवसांत साऱ्या घराने मिळून करावा असा एक छंद या वेळी सांगायचा आहे. याला पैसा लागत नाही, पायपीट मात्र लागते. आपल्या शिवारातले मोजणीचे जुने दगड शोधायचे आणि त्यांची वहीत नोंद ठेवायची.

तुम्ही म्हणाल, दगडात काय पाहायचे? पण या दगडांमागे आपल्याच वाडवडिलांची कहाणी आहे. इंग्रजी अमलात पुणे भागात पहिली मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या आधी केली. ती चुकांनी भरलेली निघाली. सारा झेपेना, म्हणून कितीतरी जमीन पडीक पडली, लोक गाव सोडून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीने मुंबई इलाख्यात गावोगाव सर्व्हे नंबर पडले आणि हद्दीवर निशाणीचे दगड बसले. मराठवाडा-विदर्भात मोजणीचा काळ वेगळा, पण दगडाचे काम तेच.

ही मोजणी साखळीने होई. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज आपण गुंठ्यावर सौदा करतो, तो त्याच साखळीच्या हिशेबाने. शेताची आकृती काढून तिच्यावर ही मापे लिहीत, त्या कागदाला टिपण म्हणतात.

दुसऱ्या जातीच्या खुणा डोंगरमाथ्यावर सापडतात. लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ साऱ्या देशाच्या मोजणीचा पाया घातला. एका उंच जागेवरून दुसरी पाहायची आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे जायचे, अशी ती रीत. हे काम करता करताच तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबरही तिथेच आहे. या मोजणीच्या ठिकाणी खडकात कोरलेले वर्तुळ आणि मधोमध टिंब दिसते. ब्रिटनमध्ये १९३६ पासून अशा कामासाठी सहा हजारांवर खांब उभारले गेले. तिथली हौशी मंडळी सुटीच्या दिवशी ते शोधत हिंडतात आणि पाहिलेल्या खांबांची यादी ठेवतात.

आता आपण काय करावे? आधी गावनकाशा आणि आपल्या नंबराच्या टिपणाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. मग घरातल्या जाणत्यांना बरोबर घ्या. आजीला विसरू नका. न्याहारीची पाटी डोक्यावर घेऊन तिने बांध न् बांध तुडवलेला असतो. दगड दिसला की जागा, उंची, त्यावरची खूण, जवळचे झाड किंवा विहीर, आणि कोणी दाखवला त्याचे नाव तारखेसह लिहा. फोटो काढा. फोनवरची जागाही टिपून ठेवा. पण तिच्यात काही मीटरचा फरक पडतो. पुन्हा दगड सापडायला ती पुरे, हद्द ठरवायला नाही. एखाद्या दगडाला शेंदूर लागलेला असेल, तर दुरूनच पाहा.

आणि एक पथ्य कडक पाळा. दगड हलवू नका, उकरू नका. शेजाऱ्याच्या रानात त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. उलट त्यालाच सोबत घ्या. दोन्ही बांधकरी मिळून दगड पाहतात, तेव्हा भांडणाला जागा राहत नाही. दगड सापडला म्हणून हद्द सापडली, असेही समजू नका. १९४७ च्या कायद्याने तुकडे एकत्र होऊन जिथे गट पडले, तिथे जुन्या सर्व्हे नंबरचा दगड आजच्या गटाच्या मधोमधही निघू शकतो. हद्दीचा निर्णय सरकारी मोजणीनेच होतो, आपल्या वहीने नव्हे.

मग वही कशाला? आता मोजणीला रोव्हर आणि ड्रोन आले. पण दीडशे वर्षांचे टिपण जमिनीवर जुळवायचे, तर मोजणीदाराला जागेवरची एखादी जुनी, न हललेली खूण लागतेच. अशा खुणा दरसाल कमी होत आहेत. ट्रॅक्टर बांध कोरतो, जेसीबी दगड उचलून फेकतो, कोणी तो घराच्या पायात घालतो. दगड कुठे होता हे सांगणारे म्हातारे माणूसही एक दिवस निघून जाते. मग उरतो तो वाद. वीतभर बांधासाठी दोन भावांची पोरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर, म्हणजे तुमच्या-आमच्यावरच टाकली आहे.

तेव्हा पेरणीची घाई सुरू होण्याआधी एक सकाळ काढा. नातवाच्या हाती वही द्या, आजोबांच्या हाती काठी द्या आणि शिवेवरून चालायला लागा. जे सापडेल ते लिहून ठेवा. जे नाहीसे झाले असेल, त्याची जागा आठवते आहे तोवर तीही लिहा.