यादीत नाव, हातात पुस्तक नाही

फेब्रुवारी आणि मार्च आले की अमेरिकी ग्राहकांचं काम करणाऱ्या आयटी कंपन्यांत ठरावीक ईमेल फिरू लागतात. फेब्रुवारी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, मार्च स्त्रियांच्या इतिहासाचा. टोनी मॉरिसन, माया अँजेलो, ॲलिस वॉकर यांचे फोटो आणि खाली 'वाचायलाच हवीत' अशा पुस्तकांची यादी. आपल्यातले कितीतरी जण तो ईमेल बघतात, बंद करतात आणि कामाला लागतात. यात वाईट काही नाही. पण यादी फिरवणं म्हणजे लेखिकेचा सन्मान नव्हे. पुस्तक जगतं ते कुणीतरी छापतं, विकत घेतं आणि दुसऱ्याला वाचून दाखवतं म्हणून. हे समजून घ्यायचं तर झोरा नील हर्स्टन हिची गोष्ट माहीत असायला हवी.

झोराचा जन्म १८९१ चा. ती वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिल गावात. हे गाव कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलं, स्वतः चालवलं. पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात तिने मानववंशशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि दक्षिणेत फिरून आपल्या लोकांच्या कथा, गाणी, म्हणी गोळा केल्या. १९३७ मध्ये तिची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. त्यात एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या तीन लग्नांची, मारहाणीची, प्रेमाची आणि स्वतःच्या शोधाची हकिकत सांगते.

या कादंबरीवर सगळ्यात कडक टीका कुणी केली? रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकानेच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गोऱ्या वाचकांना करमणूक म्हणून आवडेल असंच चित्र तिने रंगवलं आहे. वंशद्वेषाशी लढाई चालू असताना नवरा-बायकोच्या गोष्टी काय लिहायच्या, असा त्या काळचा सूर होता. जवळपास पन्नास वर्षांनी ॲलिस वॉकरच्या वाट्यालाही तेच आलं. 'द कलर पर्पल'साठी १९८३ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण १९८५ मध्ये त्यावर सिनेमा आला तेव्हा, कृष्णवर्णीय पुरुषांची बदनामी केली म्हणून निदर्शनं झाली.

मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना? 'आधीच समाज बदनाम आहे, त्यात घरातलं बाहेर कशाला काढतेस?' लिहिणाऱ्या कुठल्याही मुस्लिम मुलीला विचारा. बाहेरचे तिच्या लेखनातून आपल्याला हवं तेवढंच उचलतात आणि घरचे तिला गप्प बसवतात. तलाक, हुंडा, शिक्षण अर्ध्यावर सुटणं याबद्दल ती बोलली की ती एका बाजूला 'पीडित' ठरते आणि दुसऱ्या बाजूला 'फितूर'. ती लेखिका आहे, हे दोन्हीकडे विसरलं जातं.

बदनामीची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आपल्याविरुद्ध वापरायला लोक टपलेलेच असतात. पण त्याचं उत्तर बाईला गप्प करणं हे नाही. एकच आवाज असला की त्यालाच सगळा समाज समजलं जातं. दहा जणी दहा तऱ्हांनी लिहू लागल्या की कुणा एकीचं वाक्य उचलून पूर्ण समाजावर चिकटवणं अवघड होतं.

झोराची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९२७ मध्ये ती अलाबामात कजो लुईस या वृद्धाला भेटली. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद होऊन अर्धशतक उलटलं होतं, तरी १८६० मध्ये त्याला आफ्रिकेतून चोरून आणलं गेलं होतं. त्याची कहाणी तिने त्याच्याच बोलीत लिहिली. बोली काढून प्रमाण इंग्रजीत लिहा, असं प्रकाशकाने सुचवलं. तिने नकार दिला. १९३१ मध्ये तयार असलेलं ते पुस्तक, 'बराकून', छापलं गेलं २०१८ मध्ये. घरी दखनी किंवा कोकणी मुसलमानांची बोली बोलणाऱ्या आणि शाळेत त्यावरून हसं झालेल्या मुलांना या नकाराची किंमत वेगळी सांगायला नको.

१९६० मध्ये झोरा वारली तेव्हा ती सरकारी कल्याणगृहात राहत होती. कबरीवर दगडही नव्हता. तिचे कागद जाळायला काढले होते, ते ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझवून वाचवले. १९७३ मध्ये ॲलिस वॉकरने ती कबर शोधली, दगड बसवला आणि १९७५ मध्ये त्यावर लेख लिहिला. कादंबरी १९७८ मध्ये पुन्हा छापली गेली आणि आज ती अमेरिकेतल्या वर्गांत शिकवली जाते. आमच्या धंद्यात म्हणतात, एकाच जागी ठेवलेली फाईल म्हणजे नसलेली फाईल. साहित्याचंही तसंच. प्रती जितक्या हातांत, तितकं ते सुरक्षित.

म्हणूनच मला यादीपेक्षा 'रीड-इन' हा प्रकार आवडतो. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेतील कृष्णवर्णीय सदस्यांनी १९९० मध्ये तो सुरू केला. फेब्रुवारीत शाळा, चर्च, ग्रंथालय, कुठेही जमायचं आणि कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य मोठ्याने वाचायचं. पाहुणे, हारतुरे, अध्यक्षीय भाषण, कशाचीच गरज नाही.

हे आपल्याला परकं नाही. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊनच, आणि जनार्दन वाघमारे यांनी तिथल्या कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. १९९० मध्येच सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपल्या स्त्रियांची परंपराही मोठी आहे. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ ची. रशीद जहाँ यांचं लेखन असलेलं 'अंगारे' १९३३ मध्ये सरकारने जप्त केलं. 'लिहाफ'साठी इस्मत चुगताईंना लाहोरच्या कोर्टात उभं राहावं लागलं. आणि २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या बानू मुश्ताक यांना मुस्लिम स्त्रियांच्या कथांसाठी आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. पुरस्काराच्या दिवशी आपण सगळ्यांनी त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला. पुस्तक किती जणांनी उघडलं?

तेव्हा सूचना साधी आहे. महिन्यातून एक रविवार, मोहल्ल्यातलं वाचनालय किंवा कुणाच्या घराची गच्ची, एक तास. एक उतारा झोराचा किंवा मॉरिसनचा, जमेल तसा मराठीत सांगून. एक इस्मत किंवा बानूंचा. तिसरा आपल्याच वस्तीतल्या एखाद्या मुलीने लिहिलेला, तिच्या बोलीत. अट एकच. ती वाचत असताना 'हे बाहेर कशाला?' असं कुणी म्हणायचं नाही. वाचून झाल्यावर वाद जरूर घालावा, पण तो तिच्या लेखनाशी घालावा. तिच्या लिहिण्याच्या हक्काशी नव्हे.