चार पर्यायांतली बहिणाबाई

'बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव कोणते?' असोदा. मिळाला गुण! जळगावात मराठी शिकणाऱ्यालाही हल्ली एवढे सामान्यज्ञान पुरते. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आणली. लेवा गणबोलीतला तो आवाज छापील पानावर उतरताना त्याचे काय झाले, हा प्रश्न चार पर्यायांत मावत नाही. विनोबांची 'गीता प्रवचने' कुठे झाली? धुळ्याच्या तुरुंगात, १९३२. पण ती टिपून घ्यायला साने गुरुजी तिथे नसते, तर विचारण्याजोगा प्रश्न तरी उरला असता काय? अशा प्रश्नांना (म्हणे!) गुण नसतात. आम्हा शिक्षकांनी मात्र ते वर्गातूनही हद्दपार केले, ते कोणाच्या सोयीसाठी?