मनी की मनीप्लँट?

गेल्या रविवारी ताई आली आणि चपला काढायच्या आधीच तिने विचारलं, "बाबांचं मनीप्लँट कुठे गेलं?" पाठोपाठ काकूचा फोन, मग मामीचा. म्हटलं, आता एकदाच काय ते लिहून टाकावं.

मनीप्लँट मी देऊन टाकलं. खालच्या मजल्यावरच्या आजींना. त्यांच्याकडे मांजर नाही.

आमच्याकडे आहे. तिचं नावही मनीच (आमची कल्पनाशक्ती तेवढीच!). महिन्यापूर्वी एका संध्याकाळी ती कोपऱ्यात बसून लाळ गाळत होती, तोंडावरून सारखा पंजा फिरवत होती. शेजारी अर्धवट चावलेलं पान. डॉक्टरांनी तिचं तोंड तपासलं आणि म्हणाले, "हे झाड अळूच्या कुळातलं. कच्चं अळू खाऊन बघा, म्हणजे कळेल!"

चटकन कळलं. अळू चिरताना आई हाताला तेल लावायची, भाजीत चिंच घातल्याशिवाय राहायची नाही. कारण एकच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. मनीप्लँट, डिफेनबेकिया, पीस लिली, सगळ्यांत तेच. जीव सहसा जात नाही, पण तोंडाची आग आग होते.

मनी दोन दिवसांत बरी झाली. मी मात्र वाचत बसले आणि घाम फुटला. खऱ्या लिलीचं पान, फूल, अंगावर पडलेले परागकण, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतं. गेल्या वाढदिवसाला लिलीचा गुच्छ आला होता. मनी तो हुंगत होती आणि मी कौतुकाने फोटो काढत होते...

नर्सरीत झाड घेताना आपल्याला काय काय सांगतात! पैसा येतो, हवा शुद्ध होते, वास्तूला चांगलं. घरात मांजर आहे का, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. आणि नावांवर तर अजिबात जाऊ नये. पीस लिली ही लिली नव्हे. अरेका पाम मांजराला चालतो, पण सागो पाम म्हणून विकतात तो सायकस मुळात पामच नाही, आणि तो यकृतावर घाला घालतो. म्हणून मी आता झाडाचं शास्त्रीय नाव विचारून, घरी येऊन तपासून मगच घेते. नर्सरीवाला हसतो. हसू दे.

"उंचावर टांगायचं ना," असं मामी म्हणाली. मामी, मांजरापासून उंच अशी जागा घरात नसते गं! त्यातून मनीप्लँटचे वेल खाली लोंबणार, म्हणजे खेळणंच.

आता गॅलरीत स्पायडर प्लँट आहे, बोस्टन फर्न आहे, अरेका आहे, जुई आहे. ही सगळी मांजराला विषारी नाहीत. (पोटभर खाल्ली तर उलटी होईलच, पण तेवढंच.) आणि एका पसरट कुंडीत गहू पेरलेत, खास मनीसाठी. तिला हिरवं चावायचंच असतं, तर तिच्या हक्काचं असू दे.

राहता राहिला ताईचा प्रश्न. "एवढ्याशा मांजरासाठी बाबांची आठवण घालवलीस?" ताई, मला ते सोपं गेलं नाही. कुंडी खाली नेताना जिन्यात दोनदा थांबले. पण बाबा जेवायला बसले की पहिला दूधभाताचा घास कोणाला काढून ठेवायचे, ते तुलाही आठवत असेल. आणि त्या वेलाचं कटिंग तर त्यांनी येईल त्याला दिलं. तुझ्या खिडकीत आहे, काकूच्या जिन्यात आहे.

ते तिथे वाढू दे. येत्या रविवारी येशील तेव्हा तुला जुईचं रोप देते.

आणि हो, येताना फुलं आणलीस तर गुलाब आण. लिली नको.