रीड घासणारा हात ‘जातीचा’ नसतो

जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च ठरवायला सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही बसलो होतो. डीजेवाल्याने सांगितलेला आकडा कुणी खालीवर केला नाही. बँडचा विषय निघाला तेव्हा मात्र क्लॅरोनेट वाजवणाऱ्या मामांशी दोनशे रुपयांवरून घासाघीस सुरू झाली. मामा म्हणाले, “पोरांनो, एक रीड लावायला माझ्या दोन संध्याकाळी जातात.” त्यावर आपलाच एक शिकलेला कार्यकर्ता म्हणाला, “मामा, तुमच्या तर रक्तातच आहे वाजवणं!” सगळे हसले. आम्हीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

रक्तात नेमके काय असते ते एकदा पाहू.

रीड म्हणजे बोरूसारख्या दिसणाऱ्या नळाची चपटी पट्टी. तिचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके पातळ असते आणि सगळा सूर त्या टोकाच्या थरथरण्यावर उभा असतो. डबीवर २, अडीच, ३ असे नंबर असतात. नंबर फक्त कडकपणा सांगतो, सुराची हमी देत नाही. एकाच डबीतल्या दहा रीड दहा तऱ्हेने वागतात.

मामा काय करतात? नवी रीड ओली करून पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच वाजवतात. ओल-सुक्याने तिची पाठ वाकडी होते आणि माउथपीसवर नीट बसत नाही. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पाठ सपाट करतात. नंतर वाद्य किंचित तिरपे धरून रीडची आधी एक बाजू, मग दुसरी बाजू वाजवून बघतात. जी बाजू अडते, ती ब्लेडने हलकेच खरवडतात. एकदा खरवडायचे, वाजवायचे, पुन्हा ऐकायचे. मधल्या जाड भागाला हात लावत नाहीत. तो गेला की सुराचा भरणा गेला. रीड जरा कडक वाटली तर माउथपीसवर केसभर खाली बांधतात, मऊ वाटली तर केसभर वर. फारच मऊ पडली तर टोक किंचित कापतात. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात सुकलेली रीड आणि साताऱ्याच्या पावसात फुगलेली रीड सारखी बोलत नाही, हेही त्यांना ठाऊक असते.

मित्रांनो, निरीक्षण, चाचणी, दुरुस्ती, पुन्हा चाचणी. विद्यापीठात आम्हाला याच क्रमाला शास्त्रीय पद्धत म्हणून शिकवले. मामांच्या हातात आली की तिचे ‘रक्त’ कसे होते?

होते, कारण जातीला ते सोयीचे आहे. ज्ञान म्हटले की मोबदला द्यावा लागतो, गुरू म्हणावे लागते. रक्त म्हटले की सगळे फुकट. पश्चिम महाराष्ट्रात वाजंत्रीचे काम परंपरेने मातंग, होलार अशा जातींवर टाकले गेले. लग्नात त्यांच्या सुराशिवाय चालत नाही, पण जेवायला बसवताना पंगत आठवते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की जात कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते आणि त्यांना एकमेकांच्या वर-खाली बसवते.

शेजारचे मिरज पाहा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या कारागिरांचा आम्हाला अभिमान आहे. घोडी घासून जवारी काढणारा हात आणि रीड खरवडणारा हात एकाच जातकुळीचे काम करतात. दोघेही केसभर फरक कानाने ओळखतात. मग एकाला कारागीर आणि दुसऱ्याला ‘बँडवाला’ का म्हणतो? कर्नाटकात कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोन कर्नाटक संगीताच्या मंचावर नेला आणि पद्मश्री मिळवली. वाद्य तेच. मंच मिळाला तेव्हा लोकांना विद्या दिसली.

आता आपल्यातला आक्षेप. “ही गावकीची कामं बाबासाहेबांनीच सोडायला लावली ना?” हो. त्यांनी सक्ती सोडायला लावली, लाचारी सोडायला लावली, महार वतनाविरुद्ध ते कायद्याने लढले. पण स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांचे भांडण सुराशी नव्हते. मामांच्या मुलाने वाजवायचे की कलेक्टर व्हायचे, हे त्याने ठरवावे. त्याने वाजवलेच पाहिजे असे म्हणणारा जातीवादी आहे. आणि वाजवतो म्हणून त्याला खालचा समजणारा? तो निळा झेंडा खांद्यावर घेऊन फिरत असला तरी जातीवादीच आहे. बौद्ध म्हणून आम्ही हे आधी स्वतःला विचारले पाहिजे. वाटेगावच्या अण्णाभाऊंचा फोटो बॅनरवर लावायचा आणि मातंग वादकाशी दोनशे रुपयांवरून भांडायचे, हे कसले बहुजन ऐक्य?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत आणि त्या आधी आपल्याच जयंती समित्यांकडे आहेत. एक, वादकांचा मोबदला आधी ठरवा, लेखी ठरवा आणि त्यात रीडचा खर्च धरा. दोन, मामांसारख्यांच्या हातातली विद्या त्यांच्या नावाने लिहून काढा, व्हिडिओ करा. तीन, ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. तो विद्यार्थी दिवस आपण भाषणांनी साजरा करतो. यंदा एक तास मामांना गुरुजी म्हणून बोलवा. काच, पॉलिश पेपर आणि ब्लेड एवढेच साहित्य लागते. शिकायला सगळ्या जातींची मुले-मुली बसू द्या. तेव्हा कळेल रक्तात काय असते आणि सरावात काय असते.

अतिकष्टाने खचलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेची आठवण करून दिली होती. तार फार ताणलेली नको, फार सैल नको. सोण वीणा वाजवणारा होता, म्हणून धम्म त्याला त्याच्या वाद्याच्या भाषेत समजावला. तथागतांना वादकाची विद्या धम्म सांगण्याइतकी मोलाची वाटली. आपल्याला ती दोनशे रुपयांचीही वाटू नये?

जय भीम!