विश्लेषण : जुन्या घड्याळाची तबकडी रंगवावी का?

नागावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आजोबांचे एचएमटी कपाटातून बाहेर निघते, तेव्हा तबकडीवर बहुधा तपकिरी ठिपके दिसतात. खारी, दमट हवा आत शिरलेली असते. मग वाटते, नवी तबकडी बसवून घड्याळ चकाचक करून घ्यावे. चूक होते ती इथेच.

चावीचे घड्याळ बंद पडते ते आतल्या यंत्रामुळे. तेल वाळते, पोलादी भाग गंजतात. यंत्र खोलून धुणे, खराब भाग बदलणे, नेमक्या जागी थेंबभर तेल देणे ही खरी दुरुस्ती. तबकडीचा त्यात काही दोष नसतो.

एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरुत घड्याळांचा कारखाना उभारला. ही घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्राने २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणारी ‘जनता’ची तबकडी बहुतेकदा पुन्हा रंगवलेली असते : भडक रंग, फिसकटलेली अक्षरे. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ते काही कौतुक नव्हे. विकायचे नसले तरी नुकसान होतेच, कारण आजोबांनी रोज पाहिलेला चेहराच जातो.

रंगाचे पोपडे यंत्रात पडत असतील तर मात्र तबकडी बदलावीच लागते. तेव्हा काढलेली मूळ तबकडी कारागिराकडून आठवणीने परत मागून घ्यावी आणि सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवावी.