शिट्टी न वाजणे हाही निर्णयच

पिस्टन्सच्या टिम हार्डवे ज्युनियरवर फाऊल झाला होता आणि तो द्यायला हवा होता, हे सामन्याचे मुख्य पंच डेव्हिड गथ्री यांनी स्वतःच सांगितले. सांगितले ते सामना संपल्यावर, चित्रण पाहून. तोवर बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधल्या २०२५ च्या प्लेऑफचा, रविवारचा चौथा सामना न्यूयॉर्क निक्सने ९४-९३ असा खिशात घातला होता आणि मालिकेत ३-१ अशी आघाडी घेतली होती. डेट्रॉइट पिस्टन्सच्या पदरात पडली ती कबुली. तिचे त्यांनी काय करायचे?

ते शेवटचे क्षण ज्यांनी पाहिले त्यांना पंचांच्या कबुलीची गरज नव्हती. पिस्टन्सच्या केड कनिंगहॅमचा नेम चुकला, सुटलेला चेंडू कोपऱ्यात तीन गुणांच्या रेषेबाहेर हार्डवेच्या हाती आला. त्याने हूल दिली, निक्सचा जॉश हार्ट हवेत उडाला आणि हार्डवे चेंडू सोडत असतानाच त्याच्या अंगावर आदळला. चेंडू हुकला. वेळ संपली. शिट्टी वाजलीच नाही. ती वाजली असती तर तीन फ्री थ्रो मिळाले असते. एक पडला तर बरोबरी, दोन पडले तर विजय.

पिस्टन्सचे प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ यांचा संताप रास्त होता, पण त्याहून अधिक संताप यावा असा दाद मागण्याचा नियम आहे. एनबीएने २०१९-२० च्या मोसमापासून प्रशिक्षकांना दाद मागण्याचा अधिकार दिला. आपल्या खेळाडूविरुद्ध दिलेला फाऊल, चेंडू शेवटी कोणाला लागून बाहेर गेला, बास्केटवरचा चेंडू बेकायदा अडवला का, एवढ्यापुरताच. पंचांनी शिट्टी वाजवली तरच दाद. वाजवलीच नाही, तर प्रशिक्षकाने कितीही घसा कोरडा केला तरी ऐकणारे कोणी नाही. पंच बोलले की त्यांना तपासता येते, गप्प राहिले की नाही! शिट्टी न वाजवणे हाही निर्णयच आहे. त्यानेही सामने फिरतात. रविवारी फिरला.

आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही. याच दोन संघांत फेब्रुवारी २०२४ मध्ये, शेवटच्या काही सेकंदांत सुटलेल्या चेंडूसाठी झेपावताना निक्सचा डिव्हिन्चेंझो पिस्टन्सच्या ऑसार थॉम्पसनच्या पायांत शिरला. शिट्टी नाही. निक्सने तिथूनच बास्केट केले आणि ११३-१११ असे जिंकले. सामन्यानंतर पंचांची कबुली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये बॉस्टनला १०५-१०५ अशी बरोबरी असताना लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सच्या हातावर बॉस्टनच्या जेसन टेटमचा फटका सगळ्या जगाला दिसला, पंचांना तेवढा दिसला नाही. लेकर्स जादा वेळेत हरले. पुन्हा कबुली. २०१५ पासून तर अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवालच एनबीए दुसऱ्या दिवशी जाहीर करते. त्यात चुका मांडल्या जातात, निकाल मात्र तसाच राहतो. चूक दिसते, मान्य होते, छापून येते आणि दुरुस्त तेवढी होत नाही.

हा कोणाचा सामना होता, तेही पाहा. २०२३-२४ च्या मोसमात पिस्टन्सने ८२ पैकी १४ सामने जिंकले होते, सलग २८ हरले होते. २०२४-२५ मध्ये त्यांनी ४४ जिंकले. प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर त्यांचा तोवरचा शेवटचा विजय २००८ चा. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर हे घडले.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या वाचकाला तर हा नियम समजणारच नाही. पायचीतचे अपील पंचांनी फेटाळले, तर कर्णधार हाताने टी करतो. तिथे न दिलेल्या बादवर दाद मागता येते, कारण ‘नाबाद’ हाही निर्णय मानला जातो. मार्च २०१९ मध्ये बंगळूरुला आयपीएलच्या सामन्यात मलिंगाचा अखेरचा चेंडू नो-बॉल होता, पंचांना दिसला नाही आणि यजमान सहा धावांनी हरले. जिंकला तो मुंबईचा संघ, म्हणून इथल्या अनेकांनी डोळेझाक केली. पण पुढच्याच मोसमात आयपीएलने पुढच्या पायाचा नो-बॉल तिसऱ्या पंचाकडे सोपवला.

सामना रेंगाळेल, ही ठरलेली तक्रार. अमेरिकन फुटबॉलने २०१९ मध्ये न दिलेल्या फाऊलवर दाद मागू दिली आणि वर्षभरात नियम गुंडाळला, हेही सांगितले जाते. तिथे चित्रण तपासणाऱ्यांचा निकष आठवड्यागणिक बदलत होता. तो दोष अंमलबजावणीचा, तत्त्वाचा नव्हे. शिवाय तत्त्व तर एनबीएने २०२४-२५ च्या मोसमातच अर्धे मान्य केले आहे. चेंडू बाहेर गेल्याबद्दल दाद मागितली, तर लगतचा सुटलेला फाऊलही आता पाहता येतो. मग चेंडू बाहेर गेला नाही म्हणून डोळे मिटायचे? रविवारी तोच चेंडू बास्केटमध्ये पडला असता, तर तो वेळेत हातातून सुटला का, हे पंचांनी हटकून चित्रण पाहून ठरवले असते. शेवटच्या दोन मिनिटांत, प्रत्येक संघाला एकदा, न दिलेल्या फाऊलवरही दाद मागू द्या. दाद चुकीची ठरली तर टाइमआउट गेला. यात रेंगाळण्यासारखे काय आहे?

आपल्या माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्येच हे ओळखले. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर तो नकारच धरला जातो आणि अपील करता येते. कागदावर सही नाही म्हणून निर्णयच झाला नाही, असे म्हणायची सोय कारकुनाला राहिली नाही. कोट्यवधी डॉलरच्या लीगने मात्र ती पंचांसाठी अजून राखून ठेवली आहे.

पाचवा सामना त्यानंतरच्या मंगळवारी रात्री न्यूयॉर्कला होता. डेट्रॉइट हरले तर त्यांचा मोसम तिथेच संपणार होता, आणि चौथ्या सामन्यासमोर ९४-९३ हेच आकडे राहणार होते.