दुष्काळ सोसायचा कोणी?

शहरांभोवती उभ्या राहणाऱ्या श्रीमंतांच्या वसाहती, विश्रामधामे आणि गोल्फची मैदाने यांच्या परिभाषेत एक शब्द रुळला आहे : दुष्काळ सोसणारी हिरवळ. रोपवाटिकेतून गवताचे तयार गालिचे आणावेत, अंगणात अंथरावेत आणि पाण्याच्या उधळपट्टीचा आरोप झटकून मोकळे व्हावे, असा हा सोयीचा मार्ग आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दुष्काळ सोसणारे गवत अस्तित्वात आहे, यात शंका नाही. जगभरच्या उष्ण प्रदेशांत ‘बर्म्युडा’ या नावाने विकले जाणारे गवत म्हणजे महाराष्ट्रातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खणून काढत आलेली हरळीच होय. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वाही तीच. तिची मुळे खोल जातात आणि जमिनीवर व जमिनीखाली पसरणाऱ्या कांड्यांना पेरापेराला फुटवे येतात. पाणी तुटले की ती पिवळी पडते, पाने वाळवून निपचित राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उठते. तिच्या सहनशीलतेचा अर्थ एवढाच. वैशाखात हिरवेगार दिसण्याचे वचन हरळीने कधीच दिलेले नाही. ते वचन विक्रेत्याचे आहे, आणि ते पाळण्यासाठी टँकर बोलवावा लागतो.

हिशेब सरळ आहे. आठवड्याला एक इंच पाणी द्यायचे म्हटले, तर एक एकर हिरवळीला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. ग्रामीण माणसासाठी सरकारी योजनेने ठरविलेले प्रमाण दररोज ५५ लिटर आहे. म्हणजे एका एकराच्या शोभेत अडीचशेहून अधिक माणसांचे आठवड्याचे पाणी जिरते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच दिवसांत महाराष्ट्रातील क्रिकेटच्या मैदानांवर पाणी शिंपडले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला, तेव्हा खेळाचे नुकसान होईल म्हणून केवढा गहजब झाला! लातूरच्या नळांना कोरड पडली होती, त्याबद्दल एवढा आकांत कोणी केला होता?

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला. लास वेगास परिसरातील निव्वळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी घालण्यास २०२६ च्या अखेरीनंतर त्याने मनाई केली. रस्त्यांचे दुभाजक आणि कचेऱ्यांची आवारे त्यात आली. स्वतंत्र घरांची अंगणे मात्र वगळली गेली. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरालाही गवताचे पाणी कायद्याने तोडावे लागले. पण खासगी मालकीच्या फाटकाशी येताच कायद्याचे पाऊल अडखळले.

मग हिरवळ नकोच काय? असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एका खोलीत संसार करणाऱ्या कामगाराच्या मुलाला खेळायला सार्वजनिक मैदान हवेच. भेद गवतागवतांत जेवढा आहे, त्याहून अधिक ते कोणासाठी वाढवायचे यात आहे. रुंद पानांचे सेंट ऑगस्टिन सावलीत तगते, परंतु हरळीपेक्षा अधिक तहानलेले असते. हरळी पायांखाली तुडवली तरी सावरते. म्हणूनच नगरपालिकांनी हरळी लावावी आणि ‘हिरवळीवर चालण्यास मनाई आहे’ ही पाटी उपटून टाकावी.

तिची निगा अवघड नाही. नव्या गालिच्याची मुळे धरेपर्यंत पहिले दोन-तीन आठवडे त्याला रोज ओल लागते. म्हणून लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करावी, उन्हाळ्यातील उद्‌घाटन समारंभाची तारीख पाहून नव्हे. पुढे पाणी द्यायचेच तर पहाटे, भरपूर आणि क्वचित द्यावे, म्हणजे मुळे खोल उतरतात. रोजच्या शिडकाव्याने ती वरच्या वर राहतात. एका कापणीत पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. युरियाचा मारा टाळावा. त्याने वाढ आणि तहान दोन्ही वाढतात. दाट सावलीत हरळी टिकत नाही. तेथे गवताचा हट्ट सोडून पालापाचोळा पसरावा. आणि चैत्र-वैशाखात तिला खुशाल पिवळी पडू द्यावी.

कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपालिकेपुढे तीन मागण्या मांडल्या पाहिजेत. शोभेच्या हिरवळीला पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही मिळू नये. शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे. प्रत्येक मोठ्या वसाहतीने, क्लबाने आणि गोल्फ मैदानाने आपल्या पाण्याचा हिशेब, विहिरी व कूपनलिकांसह, जाहीर करावा. टंचाई घोषित होताच खासगी हिरवळीचे पाणी सर्वांआधी तोडावे, झोपडपट्टीतील नळाचे नव्हे.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या माणसाला सोसण्याचे धडे देण्याची गरज नाही. हरळीलाही नाही. सोसण्याचा काहीच सराव नाही तो हिरवळीच्या मालकांना. यापुढील उन्हाळ्यात तो त्यांनी सुरू करावा.